कराचे कोरे फॉर्म वाचनालयात ठेवा

प्रति,
माननीय आयुक्त,
सुरत महानगरपालिका, मुगलीसरा, सुरत.



मागणं एका कपाटाचं आहे, म्हणून ते आधीच सांगते. महापालिकेच्या प्रत्येक वाचनालयात, सकाळी वर्तमानपत्रं मांडली जातात त्या टेबलाजवळ, कराचे कोरे कागदी फॉर्म फुकट मिळावेत. घरवेऱ्याचे (म्हणजे घरपट्टीचे), व्यवसायवेऱ्याचे (म्हणजे व्यवसायकराचे) आणि आयकर खात्याचे ते चार-पाच फॉर्म, जे आमच्या वस्त्यांमध्ये कुणाला ना कुणाला सतत लागत असतात. प्रत्येक फॉर्मशेजारी एक भरलेला नमुना असावा, आणि हा फॉर्म नेमकं काय विचारतो हे सांगणारं एक पान मराठीत, गुजरातीत, हिंदीत, उर्दूत, ओडियात आणि तेलुगूत असावं. सुरुवात लिंबायत आणि उधना या दोन झोनमधून व्हावी.

मी लिंबायतला राहते. महापालिकेच्याच मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा, गोडादरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून भुसावळ पॅसेंजरने आलेल्या माणसांच्या आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या नांदतात. कुणी लूम्सच्या खात्यात, कुणी डाइंगच्या मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या मार्केटमध्ये पार्सलं बांधायला, तर बायका घरी बसून साड्यांचे धागे कापायला. शाळा सुटली तरी 'बाई, एवढा कागद बघून द्या' हे सुटलेलं नाही, आणि सुटावं असं मला वाटतही नाही. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयात देणार आहे. इथे मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्यासाठी मागते आहे त्यांनी हे वाचावं आणि माझ्या मागण्यात काही राहिलं असेल तर त्यांनीच भर घालावी.

आमच्याकडे आयकराचं विवरणपत्र म्हणजे 'फाइल'. गृहकर्जासाठी बँक तीन वर्षांची फाइल मागते, दुकानावर कर्ज हवं तर फाइल लागते, मुलाला परदेशी पाठवायचं तर व्हिसासाठी फाइल लागते. कर एक रुपयाही लागू नसला तरी फाइल लागतेच. मग माणूस एजंटच्या दुकानात जातो. तिथे स्क्रीनचं तोंड एजंटकडे असतं. तो नाव विचारतो, पॅन विचारतो, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो. समोरचा एकेक सांगत जातो. आपलं कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाखाली गेलं, न विचारता कुठल्या प्रश्नाचं उत्तर परस्पर भरलं गेलं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. शेवटी एक छापील पावती हातात पडते आणि पैसे देऊन तो घरी येतो. त्याच्या नावावर सरकारला काय सांगितलं गेलं, हे त्याने वाचलेलं नसतं.

कोरा फॉर्म हातात असला की सगळे प्रश्न एकदम दिसतात. माझ्या मागणीचं मूळ इथे आहे. पोर्टलवर प्रश्न एकेका पानाने समोर येतात, त्यामुळे पुढे काय विचारणार आहेत याचा अंदाज नसताना माणूस उत्तरं देत राहतो. कागदी फॉर्म घरी नेता येतो. रात्री जेवणं झाल्यावर दहावीतल्या मुलीकडून वाचून घेता येतो. न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीची खूण करता येते, कुठले कागद जोडायचे ते शोधून ठेवता येतात, आणि दुसऱ्या दिवशी जाणत्या माणसाला नेमकं विचारता येतं. एवढी तयारी करून जो एजंटकडे जातो, त्याच्याशी एजंटही वेगळा बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

एक फॉर्म जरा सविस्तर घेते, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. फॉर्म १५-जी. बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर कर कापू नका, माझं उत्पन्न करपात्र नाही, असं लिहून देण्याचा हा कागद. साठीच्या पुढच्यांसाठी हाच १५-एच होतो. आमच्या वस्तीत मोठ्या ठेवी फार कुणाच्या नसतात, तरीही १५-जी सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचं कारण पीएफ. एका मिलमधलं काम सुटलं, दुसरीकडे लागलं, मधल्या काळात घरात लग्न निघालं किंवा गावी घराचं छप्पर घालायचं झालं, की माणूस पीएफ काढतो. नोकरीला पाच वर्षं झालेली नसतील आणि रक्कम ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यातून १० टक्के कर आधीच कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसलेल्याने १५-जी दिला तर काहीही कापलं जात नाही. सत्तर हजारांतले सात हजार म्हणजे आमच्याकडे घरातल्या दोन मुलांचं वर्षभराचं वह्या-पुस्तकं-गणवेशाचं भागतं. कापलेली रक्कम परत मिळते, पण त्यासाठी आयकराचं विवरणपत्र ऑनलाइन भरावं लागतं. म्हणजे एक कागद वेळेवर न मिळाल्यामुळे माणसाला पुन्हा त्याच एजंटच्या दारात जावं लागतं, या वेळी मोठ्या कामासाठी आणि जास्त पैसे देऊन.

शिवाय पीएफचा दावा आता ऑनलाइन होतो, तरी त्यात हा १५-जी कागदावर भरून, सही करून, स्कॅन करून चढवावा लागतो. ज्या व्यवस्थेने खिडकी बंद करून स्क्रीन आणली, तिलाही या एका ठिकाणी कागदच हवा आहे.

आता त्या फॉर्मात काय आहे ते बघा. नाव, पॅन, पत्ता हे सोपं. पुढे विचारलं आहे की ज्या रकमेसाठी हा फॉर्म देता ती किती, आणि तुमचं या वर्षाचं एकूण अंदाजे उत्पन्न किती. मग, याच वर्षी तुम्ही आणखी कुठे असे फॉर्म दिले आहेत का, किती, आणि त्यांची एकूण रक्कम किती. फॉर्मखालच्या टिपांमध्ये स्पष्ट इशारा आहे की माहिती खोटी निघाली तर खटला होऊ शकतो आणि तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. हा इशारा आमच्या किती माणसांनी वाचला असेल? झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म मिळतो, तिथलाच कुणी तो भरून देतो, आणि माणूस पेन घेऊन बोट दाखवलेल्या जागी सही करतो. तुरुंगाचा उल्लेख असलेल्या कागदावर न वाचता सही करणारी ही माणसं अजिबात बेफिकीर नाहीत. मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म ती चार-चारदा तपासून घेतात, कारण तो शाळेत मिळतो आणि तिथे विचारायला कुणी असतं.

आणि येत्या १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा येतो आहे. कलमांचे आकडे बदलतील, त्यांच्यामागून फॉर्मांचेही. गल्लीत जे दोन-तीन आकडे माणसांना तोंडपाठ झाले होते, तेही आता उपयोगाचे राहणार नाहीत. जुन्या फॉर्मांच्या झेरॉक्स कितीतरी दिवस दुकानांतून विकल्या जातील. नवा, बरोबर फॉर्म कुठे मिळतो याचं एक खात्रीचं ठिकाण शहरात असण्याची गरज या वर्षाइतकी क्वचितच पडली असेल.

'सगळं मोबाइलवर आहे' हे उत्तर मला आधीच ऐकू येतं आहे. मी त्या सोयीच्या विरुद्ध नाही. ज्यांना जमतं त्यांचं काम घरबसल्या होतं, हे चांगलंच झालं. पण आधारला जोडलेला नंबर गावी राहिलेल्या भावाकडे असतो. घरातला एकच मोबाइल नवऱ्याबरोबर बारा तासांच्या पाळीला गेलेला असतो. रिचार्ज संपल्यावर नवं सिम घेतलं जातं आणि जुन्या नंबरावर येणारा ओटीपी हवेत विरतो. फॉर्म डाउनलोड झाला तरी बोटभर पडद्यावर त्याची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि छापायचा तर पुन्हा दुकान गाठावं लागतं.

आणि कायद्याने कागद संपवलेलाही नाही. वयाची ८० वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला आयटीआर-१ किंवा आयटीआर-४, म्हणजे 'सहज' आणि 'सुगम', आजही कागदावर भरून देता येतो. बाकीच्यांनी विवरणपत्र ऑनलाइन भरलं तरी ओटीपी जमत नसेल, तर आयटीआर-व्ही नावाची पावती छापून, सही करून ३० दिवसांच्या आत बेंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवता येते. कागदावर विवरणपत्र देण्याचा हा हक्क आमच्याकडच्या किती म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे? मिलमधून पेन्शनीत गेलेला, ऐंशी ओलांडलेला माणूस नातवाला मोबाइल देतो, नातू एजंटला देतो. त्या माणसाने एकेकाळी 'सरल' नावाचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरून खिडकीवर शिक्का मारून घेतला होता. त्याच्यासाठी कायद्याने दार उघडं ठेवलं आहे, पण दारापर्यंत नेणारा कागद त्याच्या मोहल्ल्यात ठेवलेला नाही.

न वाचता भरलेल्या फॉर्मांचं पुढे काय होतं, याचा पुरावा आयकर खात्यानेच दिला आहे. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभरात १५० हून जास्त ठिकाणी तपास केला. त्यात महाराष्ट्र होता आणि आपला गुजरातही होता. लोकांच्या नावावर खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढायचा आणि त्यातून कमिशन घ्यायचं, असा धंदा काही मध्यस्थ करत होते. विवरणपत्रं भरताना ते तात्पुरते ई-मेल पत्ते द्यायचे, काम झालं की सोडून द्यायचे. त्यामुळे खात्याची नोटीस आली तरी ज्याच्या नावावर ती आली त्याला पत्ताच नसायचा. तपासाआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. सगळेच फसवले गेलेले होते असं मी म्हणत नाही. काहींना नक्कीच ठाऊक असणार. पण ज्याला ठाऊक नव्हतं त्याचीही सुटका होत नाही. पॅन त्याचा, सही त्याची, जबाबदारी त्याची. घरभाड्याची वजावट, देणगीची वजावट, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट हे शब्द एकदा आपल्या भाषेत वाचलेले असते, तर 'मी देणगी कधी दिली?' एवढा प्रश्न त्याने दुकानात विचारला असता. तेवढ्याने बराचसा धंदा बसला असता.

घरवेऱ्याचं वेगळं सांगायला नको, ते आपल्याच हातातलं आहे. वेराबिल म्हणजे आमच्याकडे नुसतं कराचं बिल नसतं. कुटुंबाकडे पत्त्याचा दुसरा पुरावा नसेल तेव्हा ते पुढे करतात, म्हणून ते रेशनकार्डाच्याच पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली, तेव्हा कागद जपण्याचा अर्थ या शहराने पुन्हा एकदा शिकला. बाप गेल्यावर बिलावरचं नाव बदलणं, चटईक्षेत्राची नोंद चुकली असेल तर हरकत घेणं, एका खोलीत दुकान काढल्यावर वापर बदलल्याचं कळवणं, छोट्या दुकानदाराने व्यवसायवेऱ्याची नोंदणी करणं, या प्रत्येकाला फॉर्म आहे. आपली सिव्हिक सेंटर्स हे काम करतात आणि मी तिथल्या गर्दीत उभी राहिलेली आहे. खिडकीवरच्या माणसामागे रांग असते, त्याने कुणाला किती समजावायचं? पगारदाराला महिना १२,००० रुपयांपर्यंत व्यवसायवेरा लागत नाही, त्यापुढे महिन्याला २०० रुपये लागतो, ही साधी गोष्ट मिलच्या दारात कुणाला विचारली तर तीन माणसं तीन आकडे सांगतात. खिडकीवर काम उरकायचं असतं. त्याआधी फॉर्म घेऊन, बसून वाचायला जी जागा हवी, ती वाचनालयात आहे. तिथे बाकडी आहेत, पंखा आहे, उजेड आहे, आणि उठ म्हणणारं कुणी नाही.

वाचनालय ही जागा मी सोयीसाठी निवडलेली नाही. या शहराला वाचनालयांचा मोठा वारसा आहे. सुरतची अँड्र्यूज लायब्ररी १८५० ची. घोडदोड रोडवर महापालिकेचं मध्यवर्ती ग्रंथालय कवी नर्मदाच्या नावाने उभं आहे. आणि आज आपल्या जिल्ह्यात असलेले कामरेज, पलसाणा हे तालुके पूर्वी बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. तिथे सयाजीराव महाराजांनी जे घडवलं त्याचा आम्हा मराठी माणसांना अभिमान आहे आणि गुजराती माणसांनाही तेवढाच. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आल्यावर १९१० साली महाराजांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. तीन वर्षांत त्याने मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालयं यांची घडी बसवून दिली. माणूस पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तकाने त्याच्या गावात जावं, हा त्यामागचा हिशेब होता. त्या पेट्यांचा विचार मी नेहमी करते. आज त्या पेटीत काय घातलं असतं असं कुणी मला विचारलं, तर गोष्टींच्या पुस्तकांशेजारी मी हे फॉर्म घातले असते.

ज्या अमेरिकेतून बॉर्डन आला, तिथे पुढे ग्रंथालयं आणि कराचे फॉर्म यांचं नातं जुळलं. बॉर्डन बडोद्याहून परत गेला त्याच १९१३ साली अमेरिकेत आजचा संघीय आयकर सुरू झाला आणि त्यातूनच फॉर्म १०४० जन्माला आला. तिथलं कर खातं आजही ठरावीक फॉर्म ग्रंथालयांना फुकट पुरवतं, आणि ग्रंथालय ते दाराजवळ मांडून ठेवतं. ६५ आणि त्यावरच्या वयाच्यांसाठी तर मोठ्या अक्षरांतला वेगळा फॉर्म आहे. २०११ पासून खात्याने घरोघरी फॉर्म पाठवणं बंद केलं, तेव्हापासून ही मांडणी अनेकांसाठी अधिकच मोलाची झाली. न्यू जर्सीला मुलाकडे जाऊन आलेल्या आमच्या ओळखीतल्या आजी-आजोबांनी ती पाहिली आहे. तिथे एक नियम कसोशीने पाळला जातो: ग्रंथपाल फॉर्म देतो, कराचा सल्ला देत नाही. सल्ल्यासाठी १९६८ पासून चालत आलेली स्वयंसेवकांची व्यवस्था आहे. त्यात बरेचसे निवृत्त लोक असतात. ते प्रशिक्षण घेऊन हंगामात ग्रंथालयांत आणि समाजमंदिरांत बसतात आणि पैसे घेत नाहीत. मोबाइल आणि इंटरनेट तिथे आपल्याहून आधी पोचले, तरी कागदाचं हे कपाट त्यांनी हलवलेलं नाही.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला होता. २००६ साली केंद्र सरकारने 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' योजना काढली, पदवीधर तरुणांना शिकवून माफक मोबदल्यात लोकांची विवरणपत्रं भरायला लावली. कल्पना नेकीची होती. पण हा माणूस आमच्या वस्तीत ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी भेटेल, अशी जागाच कुणी नेमली नाही.

आयकर केंद्राचा, वाचनालय महापालिकेचं, मग हे आम्ही का करावं, असा प्रश्न आपल्या कार्यालयात कुणी काढेल. मजुरा गेटचं आयकर भवन मुगलीसऱ्यापासून लांब नाही. फॉर्म त्यांनी छापून द्यावेत, जागा आपण द्यावी, एवढंच ठरवायचं आहे. आणि या शहरात कराचा प्रश्न कधी एकाच खात्यापुरता राहिला आहे? १८४४ साली मिठावरचा कर वाढला तेव्हा सुरत उठली. १८७८ साली लायसन्स टॅक्स आला तेव्हा बाजार बंद झाले. १९२८ साली बारडोलीत सत्याग्रह झाला, तो शेतसाऱ्यातल्या सुमारे २२ टक्क्यांच्या वाढीविरुद्ध. ती वाढ ज्या अहवालातून निघाली तो लिहिणारा अधिकारी जयकर आडनावाचा होता, आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेल्या शेतकऱ्यांचे पुढारी वल्लभभाई होते. सत्याग्रहाच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातलं दुसरं एक काम तितकंच मोठं वाटतं. नरहरी परीख, महादेव देसाई यांच्यासारखी माणसं गावोगाव बसून जमिनीचे, खंडाचे, उत्पन्नाचे आकडे गोळा करत होती. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी समिती आली तेव्हा शेतकऱ्यांजवळ सांगायला स्वतःचे आकडे होते. समितीने वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली. आपल्यावर कर कसा बसतो हे ज्याला वाचता येतं त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, हे या जिल्ह्याने एकदा सिद्ध केलेलं आहे.

आपल्या खुर्चीचाही एक इतिहास आहे. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराचं नाव घ्यायला लोक कचरत होते. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दीड-दोन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांच्या रांगेत सुरत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. झाडू आणि ट्रक आधीही होते. त्यांनी अधिकार मुख्यालयातून काढून झोनमध्ये नेले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उभं केलं. ज्याच्या दारात प्रश्न आहे त्याच्या दाराजवळ उत्तर न्यायचं, हे त्यांनी या महापालिकेला शिकवलं. मी मागते आहे ते त्याच शिकवणीतलं पुढचं काम आहे.

भाषेची अडचण सांगितली जाईल. आपली नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. देशात फार थोड्या महापालिकांना हे जमलं आहे. ज्या शिक्षकांनी या सात भाषांत मुलांना व्यवहारी अपूर्णांक शिकवले, त्यांना एका फॉर्मचं एक पान आपापल्या भाषेत लिहिणं अवघड नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत होते. गाडी चुकू नये म्हणून रेल्वे जे करते, ते कर चुकू नये म्हणून महापालिकेला करता यावं. मराठी शाळा चालवणाऱ्या महापालिकेकडे वेराबिलाचं मराठी पान मागताना मला संकोच वाटत नाही.

कामाची पद्धत मला दिसते ती अशी. वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांवर सल्ल्याचा भार मुळीच टाकू नये. त्यांनी फक्त कपाट भरलेलं ठेवावं आणि फॉर्म चालू वर्षाचाच आहे ना, एवढं पाहावं. प्रत्येक गठ्ठ्यावर कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. फॉर्मवर 'मोफत' असा शिक्का असावा, म्हणजे बाहेर कुणी तो विकू लागला तर लगेच कळेल. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो मिलची सुटी पाहून, समजावून सांगायला दोन माणसं बसावीत. ती माणसं आम्ही देतो. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, बी.कॉम. झालेली मुलं-मुली आहेत. आयकर भवनातल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला दोन दिवस शिकवावं. कुणाचा फॉर्म भरायचा नाही, कुणाचा पासवर्ड वा ओटीपी विचारायचा नाही, पैसे तर घ्यायचेच नाहीत. ओळ वाचून दाखवायची आणि तिचा अर्थ सांगायचा. भरणं आणि सही करणं ज्याचं त्याने करावं. एजंटांच्या पोटावर हे येईल अशी भीती कुणाला वाटत असेल, तर तसं होणार नाही. प्रामाणिक एजंटाला तयारीने आलेलं गिऱ्हाईक हवंच असतं.

बायकांसाठी एक वेगळी विनंती. साड्यांचे धागे कापणाऱ्या, लेस लावणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार जरा मोकळ्या असतात. तेवढा वेळ तरी वाचनालय उघडं असावं आणि त्यांना तिथे येऊन बसताना अवघडल्यासारखं वाटू नये अशी एक खोली किंवा कोपरा असावा. पॅन त्यांचंही आहे, खातं त्यांच्याही नावावर आहे, पुष्कळ ठिकाणी वेराबिलही आता त्यांच्या नावावर येतं. पण फॉर्म आला की तो घरातल्या पुरुषाच्या हातात जातो आणि सही करायच्या वेळी परत येतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज या बायका आहेत. त्यांना वाचता येतं. वाचायला कागद आणि अर्धा तास हवा आहे.

पीएफचे दावे वर्षभर चालू असतात, पण ठेवींसाठीचे फॉर्म एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच बँकेत गेलेले बरे. या वर्षी १ एप्रिललाच नवा कायदाही लागू होतो आहे. म्हणून विनंती अशी की निदान लिंबायत आणि उधना झोनच्या वाचनालयांत मार्चअखेरपर्यंत पहिले गठ्ठे पोचावेत. व्यवसायवेरा आणि बिलावरचं नाव बदलण्याचा अर्ज, या दोन फॉर्मांसाठी मराठी पानाचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे आणि गुजराती प्रतीसोबत जोडते आहे. आपल्या आकारणी विभागाने तो तपासून, दुरुस्त करून परत द्यावा. आयकराच्या फॉर्मांची पानं नवे क्रमांक हाती आल्यावर लिहायला घेऊ.

आपली,
लिंबायतमधील एक निवृत्त शिक्षिका